‘सोशिक’ हा शब्द खोडला आहे

तीर्थरूप दादास,

धाकट्या बहिणीचा नमस्कार. (वाकून केलेला नाही, कंबर धरली आहे.) तुझा गुडघा कसा आहे? वहिनीचा खोकला थांबलाय, ते कळलं मला. हे पत्र वाचून तुझा रक्तदाब वाढणार आहे, तेव्हा बाकीचं ठीक असलेलं बरं.

रविवारी आईच्या शोकसभेत वाचायचा आणि छापून वाटायचा तुझा मजकूर मिळाला. ‘आमच्या मातोश्री अत्यंत शांत, सोशिक व घरात रमणाऱ्या होत्या. संसाराला हातभार म्हणून फावल्या वेळात दुकानांच्या पाट्या रंगवत.’ दादा, ही बाई कोण? दुसऱ्याच कुणाच्या सासूबाईंचा कागद चुकून आपल्या पाकिटात आला की काय, असं मला वाटलं. म्हणे फावला वेळ! बाबा गेल्यावर चाळीस वर्षं ती सकाळी आठला शिडी खांद्यावर टाकून बाहेर पडायची. आपलं जेवण, तुझं कॉलेज, माझा चष्मा (दर वर्षी फुटायचा) सगळं त्या शिडीवरून खाली आलं. याला हातभार म्हणतात?

आणि सोशिक? काका तिला बजावायला आले होते तो दिवस विसरलास? ती औषधाच्या दुकानाच्या दुसऱ्या मजल्याएवढ्या उंच पाटीवर काम करत होती. काका खालून ओरडले की घरंदाज बाईने शिडीवर चढू नये, लोक बघतात. ती वरून म्हणाली, “बघू देत, पाटी बघण्यासाठीच असते. आलाच आहात तर जरा शिडी धरा.” काकांनी धरली. आता धरलेली शिडी सोडता येत नाही, वर माणूस असतं. तिने रंगाचा पहिला हात दिला, तो वाळेपर्यंत वरच बसून शेंगदाणे खाल्ले (टरफलं काकांच्या टोपीवर), मग निवांत दुसरा हात दिला. अडीच तास! सगळी गल्ली येऊन काकांना शिडी धरताना बघून गेली. त्यानंतर त्यांनी घराण्याचा विषय कधी काढला नाही.

‘नातीला गोष्टी सांगण्यात त्यांचा वेळ जाई’, हेही तूच लिहिलंस. आता तुला सांगायला हरकत नाही. सत्तरीत तिने ती जुनी मोटारसायकल घेतली, तेव्हा तू महिनाभर बोलत नव्हतास. त्याच महिन्यात ती तुझ्या लेकीला ‘दातांच्या डॉक्टरकडे नेते’ म्हणून घेऊन गेली. खोटं नव्हतं ते, डॉक्टरांची पाटी रंगवायची होती. मागे नऊ वर्षांची पोर, पोरीच्या खांद्यावर आडवी शिडी. चौकात वळताना शिडीने एका टेम्पोचा आरसा आणि एका गृहस्थाची छत्री नेली. पोलिसाने अडवलं, तर त्यालाच तिने सुनावलं की तुमच्या चौकीच्या पाटीचा रंग उडालाय, लाज वाटत नाही का? परत येताना चौकीचंही काम घेऊन आली. पोर घरी आली ती लाल ठिपक्यांनी माखून, आणि दात तुटले समजून वहिनी चक्कर येऊन पडली. डॉक्टरांच्या त्या पाटीची खालची ओळ तुझ्या लेकीने रंगवलेली आहे. थोडी वाकडी आहे, पण आईने ती सरळ करू दिली नाही.

तेव्हा मी तुझा मजकूर खोडला आणि नवा लिहिला. ‘आमची आई तापट होती, हट्टी होती आणि उंचावर असली की खूश असायची. तिने कुणाची परवानगी मागितली नाही. आम्हाला तिची भीती वाटायची आणि तिच्याशिवाय कुणाचा भरवसा वाटायचा नाही.’ नातेवाईक काय म्हणतील ते म्हणोत. त्यांच्यातल्या एकानेही तिला कधी सांभाळलं नाही, मग आता तिचं वर्णन तरी का सांभाळावं?

तुझी,
धाकटी

ता. क. मजकूर परवाच छापखान्यात दिला. खाली तुझंच नाव आहे, मोठा म्हणून. ओरडायचं तर वहिनीवर ओरड, मुद्रितं तिने तपासली.

ता. क. २. रविवारी तो तूच वाच. मी स्वयंपाकघरात दार लावून तीनदा मोठ्याने वाचून बघितला, ‘आमची आई’च्या पुढे जाता येत नाही. तुझा तो ऑफिसातला कोरडा आवाज आहे ना, तोच हवा आहे. एक शब्द बदलू नकोस. आणि वाचताना माझ्याकडे बघू नकोस.