तमसुंदराचा अंत

१२ फेब्रुवारी २००७, सोमवार

आज ठरलं. सूड.

नागोयाला ऑनसाइट पाठवायला एक माणूस हवा होता. अख्ख्या टीममध्ये दोन वर्षं जपानीच्या क्लासला जाणारा एकच. मी. आणि श्यामसुंदर सरांनी, म्हणजे आमच्या मॅनेजरनी, पाठवलं कुणाला? राजसला. राजसला जपानीतलं फक्त कराटे येतं. मला म्हणाले, बजेट नाही हो ज्ञानदेव, पुढच्या वेळी बघू. विमान तेच, सीट तीच. राजस बसला तर बजेट आहे, मी बसलो तर नाही.

आईला सांगून झालं होतं. आईचं गल्लीला सांगून झालं होतं. आता फोन करवत नाही.

राजसच्या पार्टीत तीन सामोसे खाल्ले. रागाने.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

एचआरला मेल लिहिला. सहा पानी, जळजळीत. पाठवला नाही. योग्य वेळ यायला हवी.

संध्याकाळी पार्किंगमध्ये सरांच्या गाडीची हवा सोडायला गेलो. चाकाशी वाकलेला पाहून वॉचमनने विचारलं, हवा भरताय का साहेब? हो म्हणालो. त्याने पंप आणून दिला. चारही चाकांत हवा भरून आलो. हिंजवडीहून वाघोलीपर्यंत बसमध्ये दंड दुखत होते.

१८ फेब्रुवारी, रविवार

मार्ग सापडला.

माझा रूममेट दत्तप्रसाद, मूळचा यवतमाळचा. इथल्या कॉलेजात लॅब सांभाळतो आणि रात्रंदिवस काहीबाही डाउनलोड करतो. त्याच्या कॉम्प्युटरवर जपानी मांगा सापडली. कॉमिक्सच, पण लहान मुलांनी बघू नये अशी. अंतराळ, मेलेले तारे, मंत्रतंत्र, पानोपानी रक्त. कुणी कुणाला माफ करत नाही. शनिवारपासून तेच वाचतोय. डोळे सुजलेत. मन स्वच्छ झालंय.

मीही मांगा काढणार. चाळीस भाग. खलनायक: आकाशगंगेचा क्रूर सम्राट तमसुंदर. (नाव बदललंय. कुणाला कळणार नाही.) पहिल्याच भागात त्याचं डोकं उडवायचं. दत्ता म्हणाला, मंग उरलेल्या एकोणचाळीस भागात काय करशीन बे? मी म्हटलं, पुन्हा पुन्हा मारीन.

२५ फेब्रुवारी, रविवार

अप्पा बळवंत चौकातून बोरू, निब, काळी शाई आणली. आजपासून रोज दोन पानं.

२६ फेब्रुवारी, सोमवार

आज ट्रॅफिक होतं.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

कालच्यासारखंच.

४ मार्च, रविवार

हात काढता येत नाहीत. पाच बोटं काढली की सहा होतात. उपाय: सगळ्या पात्रांना पायघोळ झगे. त्यामुळे वातावरण गूढ झालं. मोठ्या कलावंतांची शैली अशीच घडत असणार.

तमसुंदराचा चेहरा मात्र एका फटक्यात जमला. मिशी, दोन हनुवट्या, कानात ब्लूटूथ. ओळखू येऊ नये म्हणून दोन शिंगं लावली. दत्ताने सरांना एकदाच पाहिलंय, तेही आमच्या पिकनिकच्या फोटोत. तो म्हणाला, अरे, हा तर तुहा सायेब! मग तिसरं शिंग लावलं.

११ मार्च, रविवार

कथा तयार. पान एक: तमसुंदर सिंहासनावर, साऱ्या आकाशगंगा त्याच्यापुढे वाकलेल्या. नायक ज्ञानवीर गुडघे टेकून नागोया ग्रहावर जाण्याची परवानगी मागतो. सम्राट ती आपल्या पाळीव जळूला देतो. (जळूला राजसचा चष्मा.) ज्ञानवीर हद्दपार. अंधार. तलवार. जळू खलास. तुंबळ युद्ध. सम्राटाचं डोकं धडावेगळं, मग बाकीचे तुकडे, सगळे कृष्णविवरात. शेवटचं पान: काळ्या पोकळीत ज्ञानवीर एकटा, तृप्त.

संवाद नाहीत. एकही शब्द नाही. अक्षर खराब आहे हे कारण नव्हे. सूड बोलत नसतो.

१७ मार्च, शनिवार

जपानीच्या क्लासला चौथी दांडी. सुनीती सेन्सेईंचा फोन आला. (सेन्सेई म्हणजे बाई.) म्हणाल्या, आपण येत नाही म्हणून काळजी वाटली नाही, वर्ग पुढे सरकतोय एवढंच कळवायचं होतं.

भाषा काय, कधीही येईल. परीक्षा डिसेंबरात आहे.

८ एप्रिल, रविवार

झाली! चोवीस पानं. खरी जपानी पद्धत: उजवीकडून डावीकडे. आपलं शेवटचं पान ते मांगेचं पहिलं. प्रत्येक पानावर एकच मोठं चित्र. दोन्ही कव्हरं ठार काळी. नाव नाही, पानांना नंबर नाहीत.

दत्ता म्हणाला, इकडून वाचा म्हणून बाण तरी काढ, नाहीतर लोकायले कसं समजन? मी स्पष्ट नकार दिला. सूचना लिहायला ही काय पेठेतली पाटी आहे? ज्याला कळायचं त्याला कळतं.

१४ एप्रिल, शनिवार

बुधवार पेठेत झेरॉक्स, चाळीस प्रती. दुकानदार काका पानं उलटत म्हणाले, एवढं काळंच हवं असेल तर कार्बन पेपर वाटा की. मी हसलो नाही. उद्या हेच काका सांगतील, पहिली आवृत्ती माझ्याकडे निघाली.

१६ एप्रिल, सोमवार

पहिल्या बसने गेलो. प्रत्येक मजल्यावर कॉफी मशीनपाशी प्रती ठेवल्या. एक सरांच्या टेबलावर. निनावी. कुणी पाहिलं नाही.

आता मजा.

१७ एप्रिल, मंगळवार

टेस्टिंगची भाग्यश्री म्हणाली, काल सकाळी तू काळी पुस्तकं काय वाटत होतास?

सर दिवसभर केबिनमध्ये. बाहेर आले ते नाक पुसत. हादरलाय.

१८ एप्रिल, बुधवार

काहीतरी चुकलंय.

भाग्यश्री म्हणाली, वाचलं रे, किती पॉझिटिव्ह आहे! मी म्हटलं, पॉझिटिव्ह? मग तिने माझ्यासमोर पुस्तक उघडलं. डावीकडून. शेवटच्या पानापासून. आणि उलटं वाचत गेली.

सगळ्यांनी तसंच वाचलंय. चारही मजल्यांनी.

तशी गोष्ट अशी होते: अंधारात एकटा भक्त. कृष्णविवरातून सम्राटाचे तुकडे बाहेर येतात. जुळतात. डोकं धडावर बसतं. मेलेली जळूसुद्धा उठते. आणि शेवटी भक्त गुडघे टेकतो, आकाशगंगा वाकतात, तमसुंदर हसत सिंहासनावर.

मी त्याला मारला नाही. मी त्याला जन्माला घातला.

रडू आलं. वॉशरूममध्ये जाऊन आलो.

१९ एप्रिल, गुरुवार

सरांनी टीम मीटिंग बोलावली. पुस्तक छातीशी धरून म्हणाले, लीडरशिपवर इतकं खोल मी कुठे पाहिलं नव्हतं. हे कुणी काढलं, त्याने संकोच करू नये. लोक तुकड्या-तुकड्याने खचतात, पण हा माणूस मला पुन्हा जोडतो.

सांगायचं होतं की तुम्ही उलटं वाचलंत. उभा राहून, ठणकावून. उभा राहिलोही.

म्हणालो, मी काढलंय सर.

टाळ्या.

२० एप्रिल, शुक्रवार

सरांनी केबिनमध्ये चहा पाजला. जुलैत नागोयाला आणखी एक जागा आहे. म्हणाले, तुमचं नाव मी पुढे करतो.

सूड रद्द नाही. सूड स्थगित. मोठी माणसं थांबायला शिकतात. शिवाय नागोयाहून सूड जास्त चांगला घेता येईल.

आईला फोन केला. गल्लीला कळलं असेल.

२९ एप्रिल, रविवार

चाकांची मोठी सूटकेस घेतली. थर्मलही. घालून पाहिले. घामाने भिजलो. दत्ता म्हणाला, बाप्पा, येवढ्या उन्हात! त्याला थंडीचा अनुभव नाही.

क्लासला आजही गेलो नाही. आता तिकडे जाऊनच शिकू.

१४ मे, सोमवार

गुरुवारी नागोयाहून क्लायंट येतायत, ओगावा-सान. (सान म्हणजे साहेब.) सर म्हणाले, तुमचं पुस्तक मी त्यांना भेट देणार. इथे जपानीच्या क्लासला जाणारे तुम्हीच, तेव्हा दुभाषी म्हणून बसा. जपानी माणसाला जपानी कलेतून जिंकायचं. सरांनी सोनेरी कागद मागवलाय.

आयुष्य जुळून येतंय.

१५ मे, मंगळवार

गवारी मोडत बसलो होतो. दत्ता सहज म्हणाला, थो जपानी मानूस हे पुस्तक कोन्या बाजूनं वाचन बे?

जेवलो नाही.

१६ मे, बुधवार

योजना एक: सगळ्या प्रती गोळा करणे. पाच मिळाल्या. एकीवर कुणी चहाचा कप ठेवत होतं.

योजना दोन: सरांच्या प्रतीला दुसऱ्या बाजूनेही स्टेपल मारणे. म्हणजे ती कुठूनच उघडणार नाही. स्टेपलर घेऊन केबिनशी गेलो. प्रत सोनेरी कागदात, सोनेरी कागद कपाटात, कपाटाला कुलूप.

योजना तीन: आजारी पडणे. सरांना फोन केला. म्हणाले, ज्ञानदेव, उद्या तुम्ही माझी जीभ आहात. गोळी घ्या आणि या.

घाबरायचं कारण नाही. ओगावा-सान पन्नाशीचे आहेत. ते कशाला कॉमिक्स वाचतील?

१७ मे, गुरुवार

वाचलं.

दोन्ही हातांनी घेतलं, कागद न फाडता सोडवला. काळं कव्हर पाहिलं. मग अगदी सहज पुस्तक फिरवलं आणि पलीकडून उघडलं.

एकेक पान सावकाश. एक पान बघायचे, मग सरांकडे बघायचे. सर प्रत्येक वेळी मान तुकवायचे. डोकं उडालं त्या पानावर तर ओगावा-सान बराच वेळ थांबले. सर माझ्या कानाशी कुजबुजले, भारावलेत.

शेवटी पुस्तक मिटून ओगावा-सान माझ्याकडे वळले आणि जपानीत काहीतरी विचारलं. छोटंसंच वाक्य. मला कळलं नाही. कानात नुसता गोंगाट. मी हाय, हाय (म्हणजे हो, हो) म्हणून दोनदा वाकलो. सरांना सांगितलं, चित्रं तेजस्वी आहेत म्हणतायत.

ओगावा-साननी पुस्तक पुन्हा पलीकडून उघडलं. मग सरांच्या हातात पुस्तक देत सरळ इंग्रजीत म्हणाले, या बाजूने वाचा.

सरांनी वाचलं. चोवीसही पानं. मग म्हणाले, अच्छा. म्हणजे शेवटी मी नाहीच.

१८ मे, शुक्रवार

सकाळपासून वाट बघतोय. ओरडा एकदाचे. काढून टाका. सूड पोहोचला, एवढं तरी कळू दे.

चार वाजता बोलावलं. मी बोलायची तयारी केली होती: होय, मीच, आणि मला पश्चात्ताप नाही.

सर बिस्किट खात होते. म्हणाले, बसा. म्हणाले, जानेवारीत ओगावा-साननी फोनवर तुमचा जपानीत इंटरव्ह्यू घेतला होता, आठवतंय? तुम्ही एकटेच बोलत होतात तो. त्यानंतर ओगावा-साननी कळवलं होतं की या गृहस्थांचं एक वाक्यही समजलं नाही, दुसरं कुणीही चालेल. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून मी बजेटचं सांगितलं.

मी विचारलं, आणि जुलै?

सर म्हणाले, तेही ओगावा-सानच ठरवणार. काल तुम्ही त्यांच्यासमोर भाषांतर केलंत ना? झालं तर.

मग बिस्किटाचा पुडा माझ्याकडे सरकवला. मी घेतलं. ते घ्यायला नको होतं.

तीन महिने मी चुकीच्या माणसाचं डोकं उडवत होतो. आईला अजून सांगितलं नाही.

१९ मे, शनिवार

खरा शत्रू सापडला. भाग दुसरा! महाअसुर ओगावर. या वेळी चार शिंगं. दया नाही. उद्यापासून रोज तीन पानं.

२० मे, रविवार

सकाळी बसलो. शिंगं काढली. चेहरा येईना. सारखं ते पुस्तक दोन्ही हातांनी धरलेलं दिसत होतं.

काय विचारलं होतं, तेही डोक्यातून जात नव्हतं. शेवटी सुनीती सेन्सेईंना फोन केला. कानाला जसं आठवत होतं तसं म्हणून दाखवलं: त्सुझुकी वा इत्सु देस का.

त्यांनी ते पुन्हा म्हणायला लावलं. म्हणाल्या, हे आपल्या पहिल्या सहामाहीतलं आहे. मग म्हणाल्या, ते विचारत होते, पुढचा भाग कधी?

चाळीस प्रती. चार मजले. सरळ वाचणारा एकच निघाला, आणि त्याला पुढचा भाग हवा होता. मी हाय, हाय म्हटलं.

दुपारभर तसाच बसून होतो. दत्ता चहा ठेवून गेला.

सरांचा मेल आलाय. कंपनीच्या बसचे रूट बदललेत, चित्रं बरी काढता तर लिफ्टपाशी लावायला एक तक्ता करून द्या. वाघोलीचे थांबे ठळक हवेत. उद्या सकाळी द्यायचाय.