तळ्यातली लाल चौकट

३ मार्च
आले एकदाची! वनविभागाच्या कार्यालयात नकाशे करण्याची नोकरी, टेकडीखाली दोन खोल्यांचं क्वार्टर आणि सोबत सासूबाई. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, वॉकरशिवाय पाऊल उचलत नाही, तरी तुझ्या डब्याचं कोण बघणार म्हणत हट्टाने आल्या. वरवर कुरकुरले, पण मनातून बरं वाटलं.
काम माझ्या आवडीचं. उतार, वाळलेलं गवत, वारा, जुने वणवे, असे थर संगणकावर एकावर एक ठेवायचे की जंगलाच्या चौकटी रंगतात. हिरवी म्हणजे सुरक्षित, लाल म्हणजे वणव्याचा धोका.

५ मार्च
तळ्याच्या मधोमध एक चौकट लाल आहे. भर पाण्यात! आधीच्या माणसाने ही चूक खपवून कशी घेतली कोण जाणे. म्हातारे वनरक्षक म्हणाले, राहू द्या मॅडम, पाण्यात आहे तोवर बरं आहे. मला हसू आलं. माझ्या नकाशात असला गचाळपणा चालत नाही. पुसून टाकली.

६ मार्च
तीच चौकट आज काठावरच्या गवतात. दुपारी वनरक्षकांबरोबर पाहणीला गेले. तेवढंच गवत जळलेलं, कडा पट्टीने आखल्यासारख्या. शेजारचं पातंही करपलेलं नाही. थरांत काहीतरी गडबड असणार. पुन्हा पुसली.

९ मार्च
पुसली की पुढे सरकते. काठ, रोपवाटिका, काल तपासणी नाका. दर वेळी तेवढंच जळतं. साहेब म्हणतात पुसा, वरच्यांना लाल आवडत नाही. आज पडद्यावर पट्टी धरून पाहिली. रेघ सरळ आमच्या क्वार्टरकडे जाते.

१० मार्च
आज पुसली नाही, तरी सरकली. परत तळ्यात नेऊन ठेवली – टिकली नाही. वनरक्षक म्हणाले, कोरडं एकदा मिळालं की ती पाण्यात जात नाही. पुसणाऱ्याच्या मागे लागते. हे आधी का नाही सांगितलं, म्हणून मी त्यांच्यावर ओरडले. सांगितलं होतं, म्हणाले.

११ मार्च, सकाळी अकरा
चौकट क्वार्टरवर. फोन केला. सासूबाई म्हणाल्या, फरशी तापलीय, वॉकरचं रबर चिकटतंय. दाराच्या कडीला हात लावता येत नाही. गाडी साहेबांनी नेलीय. घर इथून चार किलोमीटर –

अकरा दहा
उघड्या माळावर ठेवली. परत घरावर. माझ्या मागे लागलीय ना – मग मी आहे तिथेच –
वनरक्षकांना बाहेर काढलं. चौकट कार्यालयावर आणली. माझ्या हाताने.

अकरा पंधरा
घर हिरवं. फोन आला, फरशी गार झाली. माझा आवाज असा का, विचारत होत्या. काही नाही म्हटलं. फार भीती वाटतेय.
टेबल तापलंय. दार उघडत नाही. पानाच्या कडा – चारही –
सासूबाई, जेवायला माझी वाट