चमचाभर विरजण

११ फेब्रुवारी, संध्याकाळ

आई गेल्यावर श्रीगोंद्याहून तिचं विरजण मी नगरला आणलं. पाच महिने रोज त्यातलंच चमचाभर ठेवून नवं दही लावत आले.

आज दिवसभर प्रबंधातलं रासायनिक अभिक्रियांचं मॉडेल चालवत होते. त्यातही विरजणासारखंच, एका रेणूचे दोन होतात, मधूनच एखादा मोडतो. सरासरीची रेघ शून्याला कधी टेकत नाही. पण रेणू मोजकेच असले तर नुसत्या योगायोगानं कधीतरी शून्य होतात, आणि मग पुढे काहीच घडत नाही. सरांना हे किती सहज सांगितलं मी.

घरी आले तर ओट्यावर दह्याची वाटी, भाकरीनं पुसून लख्ख केलेली. चमचाभरही नाही. सकाळी घाईत बाजूला काढायचं मीच विसरले. आणि आप्पा नेमके आजच गावाहून आले.

"तुझ्या आईच्याच हातचं लागलं बग," ते म्हणाले. "लई दिसांनी जेवन गोड लागलं. उद्याबी ठेव थोडं."

ठेवते म्हणाले. मग शेजारच्या काकूंकडून चमचाभर विरजण मागून आणलं आणि कोमट दुधात घातलं.

उद्या आप्पा पहिल्या घासालाच ओळखतील.