वोत्रुबा नावाचा ठिपका

२ नोव्हेंबर १९९६
मृतांचा दिवस. सगळं गाव दफनभूमीत — मेणबत्त्या, शेवंती, नव्या कोटांचं प्रदर्शन! मी एकच मेणबत्ती नेली. बाळासाठी. नवरा शेजारीच पुरलाय, त्याच्यासाठी नाही नेली. तीन वर्षं नेत नाही. लोक बघतात. बघू देत.

५ नोव्हेंबर
वेधशाळेतली यार्मिला धापा टाकत आली. "मावशी, मंजूर झालं!" तिनं शोधलेल्या लघुग्रहाला ओताकारचं, माझ्या नवऱ्याचं, आडनाव — वोत्रुबा. मंगळ आणि गुरूच्या मधे फिरणारा एक दगड.
"तुझंच द्यायचं की गं."
"शोधणाऱ्यानं स्वतःचं द्यायचं नसतं, मावशी. आणि सरांनी शिकवलं नसतं तर मी आज बटाटे विकत असते!"
जन्मभर आकाशात होता, आता कायमचाच तिथे. ती गेल्यावर उरलेला केक एकटीनं खाल्ला.

६ नोव्हेंबर
कालचंच सूप. कोणी आलं नाही.

८ नोव्हेंबर
लिहूनच टाकते. डिसेंबर ६१. मला अवेळी कळा सुरू झाल्या तेव्हा तो टेकडीवरच्या वेधशाळेत, दुर्बिणीपाशी, काचेवर आकाशाचा फोटो घेत. 'लिबुशेला कळा सुरू झाल्यात' म्हणून दवाखान्यातून फोन गेला. हा उजाडल्यावर आला! बाळ रात्रीच गेलं होतं. "झाली का तुझी काच पुरी?" मी विचारलं. मी भिंतीकडे तोंड केलं. पुढे बत्तीस वर्षं एका टेबलावर जेवलो, पण तो विषय दोघांनीही कधी काढला नाही.

१२ नोव्हेंबर
यार्मिलानं बोलावून घेतलं. जुन्या फोटोंच्या काचांवर ती तिचा लघुग्रह शोधत होती. दुर्बिणीत अर्ध्या तासाहून कमी उघडी राहिलेली काच आमच्याकडे कोणी तपासायचं नाही, सरळ रद्दीच्या खोक्यात. मीही वेधशाळेत नोकरीला होते, काचांवरचे ठिपके मोजायचे, तेव्हा कितीतरी टाकल्या.
"रद्दीतच सापडला, मावशी! सरांच्याच काचेवर! तासभर थांबले असते तर शोध त्यांचाच होता."
"मग त्याचं नाव देता आलं नसतं," मी म्हटलं. ती हसली.
काचेचं पाकीट मला दिलं. "सरांचं अक्षर आहे, ठेवा तुम्ही."
न वाचताच पिशवीत टाकलं.

१३ नोव्हेंबर
सकाळी चष्मा लावून वाचलं.
'९ डिसेंबर ६१. सव्वानऊला उघडली. नऊ पंचवीसला बंद. लिबुशेला कळा. बर्फामुळे बस नाही. चालत निघतोय.'
दहा मिनिटं! टेकडीपासून दवाखाना वीस किलोमीटर, रात्रभर बर्फातून चालत आला. मूर्ख माणूस — तोंड नव्हतं त्याला? आणि मला कान होते का?

१४ नोव्हेंबर
दुकानात मेणबत्त्या संपल्यात, सण सरला. स्वयंपाकघरातली अर्धी जळलेली होती, ती त्याच्यापाशी लावून आले.