सुनेच्या घरची कामवाली

३ मार्च
काल काय सांगितलं, आठवतंय का वहीबाई? नाहीच आठवणार! तुला लिहून दिल्याशिवाय काही लक्षात राहत नाही. मला अक्षर येत नाही, पण विसरायलाही येत नाही. नात लिहितेय. तोंड वाकडं करून लिहितेय — हेही लिही गं.

८ मार्च
उद्या घरमालक खोली बघायला येणार. तो काळ्यांना खोली देत नाही. सून गोरी, नात आईवर गेलेली, म्हणून ही मिळाली. मुलगा माझ्या रंगाचा होता, तो वारला. उरले मी. आठ महिने मी या घरात आहे आणि नाहीही. मालकाची पावलं जिन्यात वाजली की मी शेजारणीच्या न्हाणीघरात.

९ मार्च
आला — अर्धा तास आधीच! दारात तोच उभा, मी जाणार कुठून? फडकं उचललं आणि नळ घासायला लागले.
"ही कोण?" त्याने सुनेला विचारलं. मीच म्हटलं, "कामवाली, साहेब."
तेवढ्यात नात सवयीने, "आजी, जरा सरक ना—"
मालक हसला. "कामवालीला आजी? मुलीला छान वळण लावलंय."
लावलंय खरं. मीच लावलंय.
नळ मात्र असा चकाकला की त्याने त्यात स्वतःचं तोंड बघितलं. तिथेच चुकलं माझं. वाईट घासायला हवा होता.

१० मार्च
सून रडली. मी विचारलं, "बाईसाहेब, सुट्टी कधी देता?" हसली नाही.

१६ मार्च
मालकाचा निरोप. त्याची आई अंथरुणाला खिळलीय. "तुमची बाई माझ्याकडे पाठवा, राहायलाच. मग पुढच्या कराराचं बघू." करार महिनाअखेरीस संपतो.
सून म्हणते खोली सोडू. जायचं कुठे? मागे सात घरं पाहिली. सातही ठिकाणी माझं तोंड दिसलं की खोली 'आत्ताच गेली'!
मी म्हटलं, जाते मी. "सासूला भाड्याने देऊ का?" ओरडली माझ्यावर. पहिल्यांदाच. बरं वाटलं.

३१ मार्च
फोनवरून सांगतेय पोरी, भरभर लिही. करार झाला, वर्षाचा. मीही वर्षाची. इथे कामवालीने उरलेलं खायचं, आणि या घरात उरत काही नाही. मऊ भात पाठव, दोन अंडी उकडून. टरफलं काढूनच पाठव — मालकाची बायको कचऱ्याची बादली तपासते.