सरेतला मिरजेचा तंबोरा

प्रिय ताई,

तुला वाकून नमस्कार. आम्ही मजेत आहोत. ह्यांचा गुडघा बरा आहे.

इथे इंग्लंडात, आमच्या सरेत एकांकडे जुना तंबोरा विकायचा आहे. “अहो, जेन्युइन आहे, आजोबांनी मिरजेहून आणलेला!” म्हणतात. नक्षी काय, नवीही जुनी दाखवता येते. तू शिकवलंस तसं मी दांडी पाहिली. गाणाऱ्याची बोटं जिथे फिरतात, तेवढीच झिजली आहे. खांद्याला टेकतो तिथलं पॉलिशही उडालंय. बाकी शाबूत.

आवाजातलं मात्र मला कॉन्व्हेंटच्या पियानोवालीला काय कळणार? म्हणून तिथूनच तुला फोन लावला. “सुरेल आहे गं, घेऊन टाक,” म्हणालीस.

ताई, तेव्हा मी तारा छेडल्याच नव्हत्या.

कानाच्या डॉक्टरांकडे कधी जातेस? तंबोरा राखून ठेवायला सांगितलाय. तू ऐकल्याशिवाय घेणार नाही.

तुझीच,
चित्रा