फळीच्या पलीकडे दादा

रविवार, ३ मार्च

दादा आला! रविवारी हौशी मंडळी होड्या दुरुस्त करतात त्या शेडमध्ये, जुना शर्ट घालून, स्वयंसेवक म्हणून. बाबांची होडी आम्हा दोघांच्या नावावर. त्याला विकायची होती, मला नाही. बाबा गेले तेव्हापासून आमचा अबोला. मी हट्टाने ती दुरुस्तीला काढली, आणि आता हा उगवला. माझ्याकडे बघून नुसती मान हलवली.

दातांच्या डॉक्टरांनी जोड्या लावल्या — दवाखाना बंद केल्यापासून आमचे मुकादम तेच. तांब्याचा खिळा बाहेरून फळीतून आत येतो. आतल्याने टोक ठोकून चपटं करायचं, बाहेरच्याने खिळ्याच्या डोक्यावर लोखंडी ठोकळा दाबून धरायचा. मी आत, दादा बाहेर. हातोडी उचलली आणि आत शिरले.

बुधवार, ६ मार्च

उजवा हात ठणकतोय. भांडी डाव्या हाताने घासली. एक कप गेला.

रविवार, १० मार्च

हातोड्यांच्या आवाजात काही ऐकू येत नाही, म्हणून खूण ठरली आहे. एक ठोका म्हणजे 'धर', दोन म्हणजे 'झालं'. पलीकडच्याने तसाच ठोका परत द्यायचा. दादाचा ठोका लगेच येतो, एकदाही चुकला नाही. डॉक्टर म्हणाले, "तुमचा भाऊ हिरा आहे हो. कधी वाद घालत नाही." मनात म्हटलं, आमच्या घरी असायला हवं होतं तुम्ही.

चहाच्या वेळी धीर करून मागून हाक मारली, "दादा, साखर घालू का?" सगळे वळले. तो नाही! पाठ करून होडीच्या तळावरून हात फिरवत बसला. चारचौघांत तोंडावर पडले. इतका आकस?

रविवार, १७ मार्च

आज शेवटची फळी. पुढच्या रविवारी होडी पाण्यात जाईल, मग हा कशाला येतोय! बाकीचे जेवायला गेले होते, शेडमध्ये चिडीचूप. शेवटचा खिळा बसला आणि मी फळीला तोंड लावून बोलले. सगळं बोलले. होडी वीक हवी तर, पण तू बोल. बाबा गेले, तूही गप्प झालास, मला रागवायलासुद्धा कुणी उरलं नाही. बोलता बोलता रडले. मग सवयीने हातोडी दोनदा आपटली गेली.

पलीकडून लगेच दोन ठोके. झालं!

इतकं बोलल्यावर एवढंच. ठीक आहे. होडी पाण्यात सोडायला मी जाणार नाही.

बुधवार, २० मार्च

वहिनीचा फोन. चोरून केला होता. "वन्सं, ह्यांना वर्षभर झालं, काहीच ऐकू येत नाही. कुणाला सांगू देत नाहीत, मला शपथ घातलीय. पण होडीवरून आले की खुशीत असतात. म्हणतात, तिचा ठोका हाताला कळतो."

रविवारी जाणार. त्याच्या समोर उभी राहून बोलेन, ओठ दिसतील असं.